नवव्या पानावरची सोलं

बाबलीचं वाटोळं व्हावं, असं मी देवाकडे एकदाच मागितलं. तेही सप्ताहात, बुवा क्षमेवर निरूपण करत होते तेव्हा. कान कीर्तनात आणि डोक्यात बाबली. देवा, चुकलं असेल तर चुकलं.

आम्ही तोंडवलीच्या बाराजणी सोलं वाळवतो, शहरात ज्यांना आमसुलं म्हणतात ती. मालवण बाजारातल्या बाबलीने वेबसाईट काढली आणि आमचा माल विकायला घेतला. यादीत पहिल्या पानावर त्याची स्वतःची सोलं, आम्ही थेट नवव्या. तेही सोसलं असतं. पण ठाण्याची माझी जुनी गिऱ्हाईक फोनवर म्हणाली, "नर्मदाताई, तुमचं नाव शोधूनच मागवली हो. यंदा अशी खारट कशी?"

माझी नव्हतीच ती!

माझी भाची आकांक्षा त्याच्याकडेच साईट सांभाळते. तिला धरलं.

"मावशे, मागच्या सगळ्या पानांका त्येनी पयल्या पानाचो पत्तो लावूक सांगल्यान. तुका शोधणारो थंयच जाता. नववा पान आसा, ह्या गूगलाक ठावकच नाय."

तिला घेऊन तशीच दुकानात गेले. बाबली हसला.

"मावशे, देवळात पयलो मान मानकऱ्यांचो. पयला पान माजा एकट्याचा. मागच्या पानांचा तुमी बायलांनी काय व्हया ता करा."

"आकांक्षा, ऐकलंस मा गो? तसांच कर."

तिने अक्षर न् अक्षर पाळलं. पहिलं पान त्याला ठेवलं. मागच्या प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता दिला आणि प्रत्येकीच्या मालावर वाट लिहिली: मुखपृष्ठ › तोंडवली › सोलं › नर्मदा. शोधणारा सरळ माझ्याकडे यायला लागला. 'तोंडवली'वर बोट ठेवलं की बाराहीजणी दिसायच्या. पहिल्या पानावर जायचं कुणाला कारणच उरलं नाही.

दोन महिन्यांनी बाबली आमच्या घरापुढच्या खळ्यात उभा.

"मावशे, माजो माल पण तोंडवलीत घाल गो."

"तुजी सोलां तोंडवलीची खंय?"

"मगे माका खंय ठेवतलंस?"

"आसस थंयच. तुजो मान आमी कित्याक काढू?"

त्याचं तोंड बघून जे सुख झालं, ते देवाला आवडलं नसणार. दारात आलेल्याला तसा कसा पाठवू, म्हणून चहा ठेवला. साखर तेवढी घातली नाही.