निळं बोट

औषध टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर डब्यातल्या रंगाचं निळं बोट ओढायचं. मग दुसरा कुणी तिला पुन्हा सुई टोचत नाही.

ऊस तुटून मोकळं झालेलं रान. शेतकरी म्हणाला, खताला बसवा मेंढ्या. सुरतेजवळच्या कडोदऱ्याचा हायवे तिथून नुसता ऐकू येतो.

काचेची इवलीशी बाटली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. अडलेल्या मेंढीला कळा आणायचं औषध.

गरोदर बायांना तपासणारी नर्स मागच्या मुक्कामावर पोचली, तेव्हा तिथे लेंड्या आणि चुलीचे दगड तेवढे उरले होते.

सुनेला कोण निळं बोट लावतं?

अँब्युलन्समध्ये धुरपदाबाई पाय आखडून बसली होती. समोर तिची सून मनीषा, पहिलटकरीण, दात आवळून पडलेली. पोट दगडासारखं. कळ येते, जाते, मध्ये बाईला श्वास मिळतो. धुरपदाबाईनं आजवर असंच पाहिलं होतं. ही कळ जायचं नावच घेत नव्हती.

पहाटेपासून कळा होत्या, पण मंद. लेकाला, हिलालला, तिनं फोन करायला लावलं. गाडी येईतो तिला राहवेना. मेंढीची सुई तिनं सुनेला टोचली आणि गाडीवाल्याला रान सापडायचं नाही म्हणून स्वतः हायवेवर जाऊन उभी राहिली. गाडी घेऊन परतली, तर हे असं.

“आजी, घरचं काही औषध दिलंय का हिला?” गाडीत उपचार करणाऱ्या अनुजानं विचारलं. सुरतेतल्या डिंडोलीत वाढलेली पोर, बोलणं मराठी.

धुरपदाबाई सुनेचे पाय चोळू लागली. गेल्या साली तापानं फणफणलेल्या दिराला दवाखान्यात नेलं, तर तिथला माणूस नाकाला रुमाल लावून म्हणाला होता, ढोरांच्या डॉक्टरकडे जा. आता ढोराचंच औषध दिलं म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? पोलीस आले तर?

अनुजानं पोटावर यंत्र टेकवलं. बाळाचे ठोके गाडीभर ऐकू आले. मग रेंगाळले. मग इतके लांब लांब पडू लागले, की दोन ठोक्यांच्या मध्ये धुरपदाबाईच श्वास धरून बसली.

“सर, ठोके उतरताहेत,” अनुजा फोनवर डॉक्टरांना सांगत होती. “पोट सैलच पडत नाही. कशानं ते कळत नाही.”

“बेन, कडोदरा आव्युं,” ड्रायव्हर पुढून ओरडला. “ऊभी राखुं?”

“माय...” मनीषा एवढंच म्हणाली. आईला नव्हे, सासूला. हात तिच्याच लुगड्याकडे आला होता.

“दिधी,” धुरपदाबाई म्हणाली. “मेंढीनी सुई. कळांसाठी. मीच दिधी.”

अनुजा तिच्याकडे बघतच राहिली. “किती?”

“एकच वं बाई. एकच.”

ड्रायव्हरशेजारी बसलेला हिलाल मधल्या खिडकीतून मागे वळला.

“आई, तू बी दिधी?”

यंत्रातला ठोका तेवढा पडला.

“तू हायवेवर गयी, ही वरडत होती... खूण नव्हती ना तिले. मले वाटनं, कोणीच दिधी नही.”

धुरपदाबाईनं मनीषाच्या दंडाकडे पाहिलं. कोरा दंड. रंगाचा डबा तर सुनेच्या उशाशीच होता.

“सर, दोन डोस,” अनुजा फोनमध्ये म्हणाली. “जनावरांचं कळांचं इंजेक्शन, दोन वेळा. ऑपरेशनची तयारी ठेवा.” मग ड्रायव्हरला, “कडोदऱ्याला थांबायचं नाही. इथल्या दवाखान्यात ऑपरेशन होत नाही. सीधुं सुरत!”

सायरन सुरू झाला. अनुजानं मनीषाला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडावर ऑक्सिजन लावला. “आजी, रडू नका. हिचा हात धरा. हिच्याशी बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. शिव्या द्या.”

“डोळा मिटू नको, रांडे,” धुरपदाबाई म्हणाली, आणि सुरतेतल्या हॉस्पिटलच्या दारापर्यंत म्हणतच राहिली. तिथे दोघा माणसांनी स्ट्रेचर ओढलं, आणि मनीषाचा हात तिच्या हातातून सुटला.

लेकीला दीड महिन्याची लस टोचून झाल्यावर मनीषानं तिच्या मांडीवर निळं बोट ओढलं.