गाणं न टाकलेलं लग्न

याही लग्नाच्या व्हिडिओत गाणंच वाजलं, तरी रईसानं तो बंद केला नाही. तिनं प्लेयरच्या पट्टीवर माउस पुढे नेला, मागे आणला. हळद लागली, वरात नाचली, पाठवणीला बाया तोंडाला पदर लावून रडल्या. पण सगळ्यावर वरून टाकलेली तीच सिनेमाची गाणी. ज्याचा आवाज ती शोधत होती, तो कुठेच नव्हता.

चोपड्यातलं हे दुकान तिच्या नवऱ्याचं, सरदारचं. तालुक्यातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलेली. उद्या जळगावला त्याचं ऑपरेशन होतं. गाठीबरोबर गळ्यातलं स्वरयंत्रही काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. जीव वाचेल म्हटल्यावर सरदारनं मान हलवली. त्याचा आवाज आधीच बसून घोगरा झालेला. फोनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये होता तोही हाच, बसलेला. नवी नवरी असताना ज्या आवाजानं तिला हाक मारली, तो कसा होता हेच तिला आठवेना, आणि त्याचीच तिला मरणाची भीती वाटत होती.

म्हणून तो दुपारच्या नमाजाला गेल्याबरोबर ती कॉम्प्युटरपुढे बसली होती. शूटिंग करताना सरदारची टकळी अखंड चालायची. पण दुकानाची रीतच अशी, की मिक्सिंगला बसलं की आधी कॅमेरावाल्याचा आवाज पुसायचा आणि वर गाणी टाकायची. लग्न त्यांचं, त्यात माझं काय काम, असं तो म्हणायचा. मूळ कॅसेटवर तर पुढच्या लग्नाचं शूटिंग व्हायचं. सरदारनं स्वतःच्या हातानं स्वतःला सगळीकडून खोडून काढलं होतं.

मग तिला ठाकऱ्या आठवला. सातपुड्याच्या पायथ्याचा हा माणूस मुलीच्या, रुपलीच्या लग्नाच्या व्हिडिओवरून अडूनच बसला होता.

"भाऊ, गाना टाकू नको. आमन्या बाया गायन्यात, तेच राहू दे."

सरदारनं तोंड वाकडं केलं, पण काम तसंच करून दिलं; मूळ आवाज ठेवला, म्हणजे त्यात त्याचा स्वतःचाही राहिला असणार.

फाइल सापडली. क्लिक केलं, तर प्लेयरनं चौकट पुढे केली: फाइल खराब आहे, दुरुस्त करायची, की आहे तशीच चालवायची? दुरुस्तीत आवाजच गेला तर? तिनं अल्लाचं नाव घेतलं आणि 'आहे तशीच'वर क्लिक केलं.

चित्र अडखळलं, त्याचे चौकोन चौकोन झाले. पण बाया गात होत्या. मांडवात रुपली खाली मान घालून बसलेली. आणि चित्राच्या अलीकडून, अगदी कानाशी, तो आवाज आला. भरदार, हसरा.

"रुपली, मान वर कर, बेटा. घाबरू नको, मी शे ना आठे."

'मी आहे ना इथे' म्हणणारा तो आवाज ऐकून रईसाला रडू फुटलं. सरदार कधी येऊन मागे उभा राहिला, तिला कळलंच नाही. त्याचा हात तिच्या खांद्यावरून माउसकडे गेला. कॅमेरावाला बोलला की आवाज बंद करायचा, हे हाताला लागलेलं वळण. तिनं तो हात धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "बोलू द्या त्याला."

सरदार शेजारच्या स्टुलावर बसला. पडद्यावर रुपलीनं मान वर केली होती, आणि कॅमेऱ्याकडे बघून ती हसत होती.