टेलर कोण

आमच्या थोरल्या चिरंजिवांना अलीकडे शिंगं फुटली आहेत. मला न विचारता दुकानावर नवी पाटी लावली. वर स्वतःचं नाव, त्यापुढे इंग्रजीत टेलर. माझं नाव शोधायला मी चष्मा लावला, तरी सापडलं नाही.

"आई, तू फक्त बेतून देतेस," म्हणाला. "शिवतो मी. आणि आता बेतायचं काम बाहेर मशिनवर देणार आहे. तुझं टेबल शनिवारी न्यायला येतील. तू घरी आराम कर."

आराम! याचा बाप गेला तेव्हा हा त्याच टेबलाखाली चिंध्यांवर झोपायचा. वर मी कात्री चालवायची. टेबलाची कड माझ्या पोटापाशी झिजून गोल झाली आहे.

माझी शाळा दुसरीत सुटली. म्हणून नातीला म्हटलं, तुझ्या बापाच्या नावापुढे हे काय जनावर बांधलंय, बघ. तिने वाचनालयातून जाडजूड शब्दकोश आणला.

"आजी, हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला. मुळात अर्थ, कापणारा."

"आणि शिवणारा?"

"मुळात शिवणाचं काहीच नाही. सुई नाही, दोरा नाही."

"पुन्हा वाच."

तिने तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मी नुसतं चवीला ऐकलं.

जेवताना लेकाला सांगितलं, तर हसला. "शब्द कुठून आला ते बघून गिऱ्हाईक येतं का?"

शनिवारी दोन हमाल आले. टेबलावर वकीलबाईंचं कोटाचं कापड पसरलेलं होतं, मोठ्या चौकडीचं. हमालांना म्हटलं, बसा. आजवर कुणाला हात लावू न दिलेली कात्री लेकाच्या हातात ठेवली.

"मशिन बेतेल तेव्हा बेतेल. हा कोट आज तू बेत."

त्याने मापाचा कागद ठेवला, खडूने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. खांद्यावर चौकडी काही जुळेना. कात्री उघडली, मिटली.

"मावशी, टेबल न्यायचं का?" एका हमालाने विचारलं.

"थांबा, साहेब विचार करताहेत."

शेवटी त्याने कात्री खाली ठेवली. "चुकलं तर, आई?"

"तर कापड गेलं," मी म्हटलं. "तुझी शिवण उसवता येते, माझ्या कात्रीला माघार नाही. तुझा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मी गिऱ्हाइकांना सांगत आले, आजही सांगेन. पण टेलर मी आहे, आणि पुस्तकात सापडायच्या आधीपासून आहे. यांना चहा पाज, शिडी धरायला सांग आणि ती पाटी उतरव. नवी लावशील तेव्हा माझं नाव वर. आणि टेबल हलवायचं असेल तर आधी मला उचलावं लागेल. मी हलकी नाही, सांगून ठेवते."