साफ छातीची एकसष्ट नावे

सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. फसली सन १३३६, इसफंदार महिन्याची बारा तारीख, म्हणजे इंग्रजी १९२७चा जानेवारी. बीड जिल्ह्यातल्या एका कसब्याच्या सरकारी दवाखान्यात चकलांब्याच्या साखराबाईच्या छातीवर मला टेकवण्यात आले. मध्ये चोळी होती, तिच्यावर पदराच्या दोन घड्या आणि त्यावर घोंगडी. डॉक्टरांनी चार श्वास मोजले, मला उचलले आणि वहीत लिहिले : साफ.

मित्रांनो, मी तिची छाती ऐकलीच नव्हती. मी फक्त घोंगडी ऐकली होती.

मी एक जुनी लाकडी नळी आहे. वीतभर लांब, एका टोकाला पसरट, दुसऱ्या टोकाला कान टेकवण्यापुरती चकती. माझ्या आधीची विलायती नळी फुटली, तेव्हा इथल्या पहिल्या डॉक्टरांनी काताऱ्याकडून मला शिसवीतून कातून घेतले. तो बिचारा पलंगाचे पाय करणारा. त्याने आधी मला स्वतःच्या शेळीच्या बरगडीला लावले आणि ओरडला, “आयला, आत घोडं पळतंय की!” माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

पण माझ्या जातीचा जन्म कशासाठी झाला, तेही सांगते. पूर्वी डॉक्टर रोग्याच्या छातीला स्वतःचा कान लावीत. बाईच्या छातीला तो लावणे बरे दिसेना, म्हणून मध्ये नळी आली. बायांना तपासता यावे एवढ्यासाठी मी आहे. म्हणूनच पुढचे सांगताना माझा आवाज चढला, तर मला माफ करू नका, नीट ऐका.

दवाखान्यात मला खरे वापरले ते सुंदरबाईने. ती दाई. वीस वर्षे तिने मला गरोदर बायांच्या पोटांवर टेकवले आणि आतल्या बाळांचे ठोके ऐकले. लिहिता येत नव्हते, पण तिच्या कानाला फसवणे अशक्य होते.

आदल्या पावसाळ्यात हैदराबादेहून गश्ती आली, म्हणजे सगळ्या दवाखान्यांना एकच हुकूम. क्षय शोधण्यासाठी तीन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्या प्रत्येकाची छाती ऐकायची. खराब निघाली तर नाव पाहणीत घालायचे, महिन्याला वजन करायचे. अशा नावांतल्या एकाआड एकाला माशाच्या तेलापासून केलेल्या औषधाची सुई आठवड्याला द्यायची, दुसऱ्याला नाही. दूध आणि कामातून सुट्टीचा दाखला मात्र दोघांनाही. अशी पाहणी वाईट नव्हे. गुण सुईने येतो की नुसत्या दुधाने आणि विसाव्याने, हे असेच कळते. मलाही ते कळून घ्यायचे होते.

वहीत रकाने दोनच होते : साफ आणि खराब. इसफंदारपर्यंत एकशे चाळीस नावे झाली. पुरुष एकोणऐंशी, त्यांतले चौतीस खराब. बाया एकसष्ट, एकूण एक साफ.

साखराबाई एकसष्टावी. वय चोवीस, पदरी पाच महिन्यांची मुलगी. दिवाळीपासून खोकत होती, संध्याकाळी अंग तापायचे, खांद्याची हाडे वर आली होती. ती औषध मागायला आलीच नव्हती. तिला दाखला हवा होता. नवरा शहादेव याने घरी स्पष्ट सांगितले होते : दवाखान्याने लिहून दिले तर जातं बंद, शेत बंद, तान्ही आजीपाशी निजेल. नाही लिहिले, तर हे नुसते अंगचोरपण. एका शब्दावर तिचे आणि त्या लेकराचे सगळे अडले होते, आणि तो शब्द डॉक्टरांनी चार श्वासांत लिहून टाकला.

“साफ म्हंजी काय वं, दादा?” तिने विचारले.

“म्हणजे काही नाही. हवेचा खोकला आहे. जा.”

सासू चंद्रभागाबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, “काई न्हाई तर मंग ही वाळली कावून?”

डॉक्टरांनी वही मिटली. टपाल निघायची वेळ झाली होती. डॉक्टर नरहरराव मनाने वाईट नव्हते, घाईत होते. सहा महिन्यांचा तक्ता त्याच दिवशी जायचा होता आणि तो गेला.

सुंदरबाईने मला मेजावरून उचलले, दोघींना मागच्या पडवीत नेले आणि चोळीची गाठ सोडायला लावली. कातडीला टेकताच, उजव्या बाजूला, गळ्याजवळच्या हाडाच्या खाली मी ते ऐकले. केसांची बट कानाशी धरून बोटांत चोळली की होतो, तसा बारीक चरचराट. प्रत्येक श्वासाच्या शेवटी.

सुंदरबाई मला घेऊन तडक आत आली.

“डॉक्टरसाब, उजवीकडं वाजतंय.”

“तुझ्या कानाची नोंद कशी करू? वहीत डॉक्टरने ऐकलेलेच चढते.”

“मंग तुमी ऐका. घोंगडी ऐकू नका.”

“अगं, या बाया छाती उघडू देतील का? उद्या गाव दारात येईल.”

“इचारलं का कुनाला?”

सुंदरबाईने बोट दाखवले. “ही हाय सासू. इचारा.”

त्यांनी विचारले नाही, चंद्रभागाबाईच बोलली. “ऐका की बापा! म्या आडवं लुगडं धरते. पोर मरायला टेकली, अन् लाज तुमालाच लई वाटायली!”

सहा महिन्यांत एकसष्ट बाया त्या मेजासमोर बसून गेल्या. त्या छाती उघडू देणार नाहीत, असे धरून चालले होते. प्रत्यक्षात एकीलाही कोणी विचारले नव्हते. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या क्षणी मला तडा जाईल असे वाटले.

चंद्रभागाबाईने लुगडे आडवे धरले. डॉक्टरांनी मला हाडाखाली टेकवले आणि या वेळी श्वास मोजले नाहीत. बराच वेळ कान हलवला नाही. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी दाखला लिहिला : दूध, विसावा, निजणे वेगळे. मग वही ओढली, दौत उघडली आणि थांबले. साखराबाईचे नाव दुरुस्त केले, तर वरच्या साठ नावांचे काय? त्यांनी दौत बंद केली.

शहादेवने शब्द पाळला. शेतात चंद्रभागाबाईने तुरकाट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्यांची, खोप घातली, साखराबाई तिथे राहू लागली. पण तिचे नाव खराबमध्ये नसल्याने सुईच्या पाळीत ते कधी आलेच नाही. सुईने तिला गुण आला असता की नाही, मला ठाऊक नाही. ते शोधायलाच तर वही होती.

उन्हाळ्यात हैदराबादेहून छापील अहवाल आला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला : या भागातल्या स्त्रियांत हा विकार जवळजवळ नाही, सबब क्षयरोग्यांसाठी बांधायच्या नव्या इमारतीत स्त्रियांसाठी खाटांची गरज नाही.

“आमच्या बाया लई निरोगी हायेत म्हना,” सुंदरबाई म्हणाली. “मेल्या तरी साफ!”

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन पानांचे पत्र लिहिले. एकसष्टही नोंदी कपड्यावरून घेतल्या आहेत, त्या धरू नयेत, असे त्यात स्पष्ट होते. पत्र त्याच दिवशी टपालात पडले.

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या वही घेऊन कोणाच्या तरी दारात जाल. तेव्हा तिसरा रकाना आखा : ऐकले नाही. त्याने तुमचा तक्ता कुरूप दिसेल, दिसू द्या. न ऐकता लिहिलेला शब्द माणसाच्या तोंडावर हात ठेवतो. आणि माझ्यासारखी वस्तू हाती आली, तर ती ज्या कामासाठी कातली त्या कामाला लावा.

मला माहीत असलेले शेवटचे एवढेच आहे. मृगाच्या आधी सुंदरबाई मला कमरेला खोचून चकलांब्याला गेली. खोपीपुढे बसलेल्या सासूच्या मांडीवर तान्ही खेळत होती. तान्हीला खोकला नव्हता. खोपीत सुंदरबाईने मला साखराबाईच्या पाठीला लावले. उजवीकडचा चरचराट होता, पण पूर्वीपेक्षा कमी. डावीकडे मला काहीतरी बारीक ऐकू आल्यासारखे वाटले. सुंदरबाईने कान काढला आणि पुन्हा लावला. तेवढ्यात साखराबाई खोकली.

पत्राचे उत्तर आलेले नाही. वहीत ती अजून साफ आहे.