बाबांचं नाक

बाबांनी "सात मिनिटं" म्हटलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मिनिटं काय मिनिटं? तुम्ही कधीपासून घड्याळ लावून कांदा परतायला लागलात?"

"सरळ सांगितलेलं चालत नाही का तुला, ठमे? सात मिनिटं परत, मग लसूण घाल. विषय संपला."

ठमी हे माझं नाव नाही. लहानपणी मी गोल गरगरीत होते, त्याची ही शिक्षा मी अजून भोगते आहे.

दर रविवारी आमचा हाच कार्यक्रम. इकडे परदेशातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी, तिकडे घरी बाबा, आणि दोघांच्या शेगडीवर एकच स्वयंपाक. माझा फोन तेलाच्या बाटलीला टेकलेला, त्यांचा साखरेच्या डब्याला. त्यामुळे मला ते कमरेपर्यंत दिसतात आणि त्यांच्यामागे शेगडीची एक बाजू आणि खिडकीचा कोपरा दिसतो. नियम असा, की फोन कट झाला तर दुसऱ्याने हातातलं काम तिथेच थांबवायचं. एकाने पुढे पळायचं नाही. हा नियम बाबांचाच. मी पुढे पळते, अशी त्यांची तक्रार असते.

एरवी माझं जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं. आठवडाभर मी एका कारखान्यात चष्म्याच्या काचा घासते. तिथल्या कँटीनमध्ये काहीही घ्या, वास एकच येतो, गरम प्लॅस्टिकचा. पहिल्या वर्षी मी तिथे ताट समोर घेऊन चक्क रडले होते, आणि शेजारच्या बाईने मला मिरपूड आणून दिली होती. तिला वाटलं, जेवण अळणी आहे म्हणून रडतेय. तशी ती फारशी चुकली नव्हती.

कारण मी ज्यांच्या हातचं खाऊन वाढले, ते बाबा मीठसुद्धा वासावर ओळखायचे. थट्टा नाही करत. आई टेलिफोन ऑपरेटर होती, तिच्या पाळ्या बदलायच्या, म्हणून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाबांनी स्वयंपाकघर हातात घेतलं ते कायमचंच. पातेल्यावरचं झाकण उचलायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चिमूटभर कमी आहे." चव घेऊन बघावी तर खरंच चिमूटभर कमी. बिल्डिंगमध्ये कोणाकडे पन्नास माणसांचं जेवण निघालं, की आधी 'नाकसाहेबां'ना बोलावणं यायचं. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालायचे. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत म्हणतात, ते आमच्या घरी अगदी शब्दशः खरं होतं.

मला शिकवलं तेही असंच. कांदा किती वेळ परतायचा? तर त्याचा कच्चा वास जाऊन गोड वास येईपर्यंत. घड्याळाकडे बघितलं की ओरडायचे, "ते गाडी पकडायला असतं. पातेल्यात नाक घाल!"

आणि आता हेच बाबा मला मिनिटं सांगत होते. गेले काही रविवार हेच चाललं होतं. मला वाटलं, म्हातारपणी यूट्यूबच्या नादी लागले. मनातून मला त्याचा राग येत होता. मिनिटं काय, कोणीही सांगेल. मला माझे बाबा हवे होते.

"लसूण टाकला," मी म्हटलं.

"मीही टाकला. आहाहा! काय वास सुटलाय!"

मी मान वर करून बघितलं. ते कढईवर वाकून, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेत होते. आणि त्यांच्या कढईतून काळा धूर निघत होता. लसूण कोळसा झाला होता. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर मला तो काळा दिसत होता आणि त्याच्या वीतभर वर नाक धरून माझे बाबा म्हणत होते, आहाहा.

"बाबा, जळला तो."

त्यांनी डोळे उघडले. कढईत बघितलं. "हां, जरा खरपूस झालाय. मला असाच आवडतो हल्ली."

हल्ली! करपलेल्या लसणावरून एकदा आत्याशी भांडण काढून अख्खं जेवण परत करायला लावणारा माणूस हा. मला काहीतरी टोचलं, पण नेमकं काय ते कळेना. तोवर त्यांनी बटाटे घातले, पाणी घातलं, पुन्हा मिनिटं सांगितली. रस्सा झाला तशी त्यांनी कढई उतरवली, मागच्या बारक्या बर्नरवर दुधाचं पातेलं चढवलं आणि फोनसमोर खुर्ची ओढून बसले. माझा रस्सा अजून शिजत होता. नियमाप्रमाणे ते माझ्यासाठी थांबले होते.

बोलणं टेलरकाकांवर आलं. टेलरकाका म्हणजे समोरच्या दाराचे, बाबांचे पत्त्यातले जोडीदार. त्यांनी हातातला डाव कसा घालवला ते बाबा हातवारे करून सांगत होते. तिकडे संध्याकाळ झाली होती, वारा सुटला म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली होती. मी हसत होते. आणि हसता हसता मला त्यांच्या खांद्यामागे दिसलं, की दुधाचं पातेलं बाहेरून तपकिरी झालंय. दूध उतू गेलं होतं, तेही आत्ता नाही, केव्हाचंच. ओघळ वाळून करपले होते. दूध जळलं की तिसऱ्या मजल्यापर्यंत कळतं. बाबा हातभर अंतरावर बसून बदामच्या राणीबद्दल बोलत होते.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्हाला कसला वास येतोय का?"

"रश्श्याचा. दुसरा कसला?"

"दूध उतू गेलंय."

ते वळले. "अरेच्चा!" म्हणाले आणि उठले. त्यांनी फडक्याने पातेलं उचललं. पातेल्याखाली ज्योत नव्हती. दुधाने ती कधीच विझवली होती. पण बर्नरचं बटण आडवं नव्हतं, उभं होतं. म्हणजे चालू होतं.

"विझलाच की," बाबा म्हणाले. "थांब, पेटवतो," आणि त्यांनी लायटरकडे हात नेला.

माझ्या सगळं एकदम ध्यानात आलं. मिनिटं. लसूण. दूध. त्यांना वासच येत नव्हता. घर गॅसने भरलं होतं, खिडकी बंद होती, आणि अख्ख्या बिल्डिंगचं नाक असलेल्या माझ्या बाबांना त्याचा पत्ताच नव्हता.

"बाबा, पेटवू नका!" मी किंचाळले.

चित्र जागच्या जागी थिजलं. लायटरकडे गेलेला हात, अर्धवट उघडलेलं तोंड. मग पडदा काळा झाला. फोन कट झाला होता.

मी लगेच त्यांचा नंबर लावायला गेले आणि अंगठा तिथेच थांबला. गॅस गळत असेल तर फोन वापरायचा नाही, हे लहानपणापासून ऐकलेलं. फोनने खरंच भडका उडतो की नाही, देव जाणे. पण मीच फोन करायचा आणि माझ्याच रिंगने काही झालं तर? जगात मला एकच गोष्ट करायची होती, बाबांना फोन. आणि नेमकी तीच करायची हिंमत होत नव्हती.

टेलरकाकांना लावला. रिंग वाजत राहिली. वाजत राहिली.

"कोण? अगं तू! किती दिवसांनी गं! थंडी आहे का तिकडे? जेवलीस का?"

"काका, ऐका—"

"अगं ही बघ कोण बोलतेय," ते काकूंना सांगायला लागले.

"काका!" आयुष्यात मोठ्या माणसावर मी अशी कधी ओरडले नव्हते. "बाबांच्या घरात गॅस पसरलाय. त्यांना वास येत नाहीये. आत्ता जा. बेल वाजवू नका. दार हाताने ठोका. आत गेलात की एकाही दिव्याचं बटण दाबू नका, लावायला नाही आणि बंद करायलाही नाही. आधी शेगडी बंद, सिलिंडर बंद, मग खिडक्या उघडा. फोन घरीच ठेवून जा. आणि काका, पळा!"

मग चपलांचा आवाज.

त्यांनी फोन तसाच चालू ठेवला होता. मला त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. कोणीतरी बाई गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात करत होती. तिच्या पलीकडे, खूप लांब, दार ठोकल्याचा आवाज. पुन्हा ठोकल्याचा. "भाऊ! ओ भाऊ!" दार उघडल्याचा आवाज नाही. काकू "काय झालं हो?" म्हणत गेल्या. गुडघ्याचं तेल संपून काहीतरी संगीत सुरू झालं. मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि एका मोठ्या आवाजाची वाट बघत होते. तो येऊ नये म्हणून मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. त्यातलं निम्मं तर मला झेपणारंही नाही.

पुन्हा ठोकल्याचा आवाज. मग कडी. मग दोन माणसं एकदम बोलत होती, आणि त्यातला एक आवाज चिडलेला होता. चिडलेला! माझा जीव भांड्यात पडला. मी खाली फरशीवरच बसले.

बऱ्याच वेळाने टेलरकाका फोनवर आले. दम लागला होता. "सगळं बंद केलं. खिडक्या उघडल्या. आता आम्ही दोघं बाहेर जिन्यात उभे आहोत. अगं, दार उघडल्याबरोबर मला मळमळलं, इतका वास! आणि हा माणूस आत उभा राहून मलाच विचारतो, काय झालं म्हणून."

"लायटर?"

"ओट्यावरच होता. पेटवलाच नव्हता. तुझा फोन कट झाला म्हणून हा हॉलमध्ये रेंज शोधत फिरत होता. म्हणतो, ती नसताना पुढे कसा जाऊ, आमचं ठरलंय."

इकडे माझा रस्सा करपला होता, खोलीभर धूर झाला होता. मी हात वर करून शेगडी बंद केली.

"त्यांना द्या फोन."

फोन हातात गेल्याचं कळलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सर्दी आहे जरा."

"बाबा."

"तापानंतर," ते म्हणाले. "तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वाटलं, येईल परत. नाही आला. चवही गेली. सगळं कागद चघळल्यासारखं लागतं."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी दर रविवारी समोर असते! मेला असतात तुम्ही आज!" मी रडत होते आणि ओरडत होते, दोन्ही एकदम.

"काय सांगायचं? माझ्याकडे होतं काय दुसरं?" ते हळू बोलत होते, बहुतेक टेलरकाकांना ऐकू जाऊ नये म्हणून. "तू म्हणतेस ना, बाबा, तुमच्या हातच्या चवीसाठी जीव तुटतो. तीच नाही म्हटल्यावर तू फोन कशाला करशील?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. नुसती लाज आणि माया उरली.

"काका आहेत का तिथे? स्पीकर लावा," मी म्हटलं. "काका, सिलिंडरचा रेग्युलेटर काढा आणि तुमच्या घरी घेऊन जा. मी सांगितल्याशिवाय परत देऊ नका."

मग बाबा म्हणाले, "घेऊन जा. नाक गेलंच होतं. आता हातही न्या."

ते मला लागलं. लागायलाच हवं होतं. पण मी शब्द मागे घेतला नाही. पलीकडे काका काहीतरी पुटपुटत निघून गेले. जाताना त्यांनी स्पीकर बंद केला असावा, कारण बाबांचा आवाज पुन्हा जवळ आला.

"झालं समाधान?"

"बाबा, मी इथे आल्यापासून तुमच्या हातचं खाल्लंय कधी?"

"म्हणजे?"

"एक घाससुद्धा नाही. दर रविवारी मी माझ्याच हातचं खाल्लंय. बरं-वाईट, कच्चं-पक्कं. ते घशाखाली उतरायचं ते तुम्ही समोर बडबडत असायचात म्हणून. चव मला तिकडून कशी येणार होती?"

मी फोन कानाला दाबला.

"हे माझ्या डोक्यातच आलं नाही कधी," ते म्हणाले. "आणि बघ ना ठमे, तुझ्या हातचं कसं लागतं, तेही मला ठाऊक नाही. इतकं शिकवलं तुला. आता कळायचंही नाही."

त्यांचा आवाज फुटला. आई गेली तेव्हाही माझ्यासमोर त्यांनी तो फुटू दिला नव्हता.

"मी येते," मी म्हटलं. "उद्याच रजा मागते."

"उगाच कशाला? नोकरी—"

"येते म्हटलं ना."

त्यांनी नाक ओढलं, घसा साफ केला.

"मग ये," ते म्हणाले. "तूच कर. मी मध्ये बोलणार नाही. चव नाही कळली तरी पोटभर जेवीन."