ढोल्याचं पान

"परत कंबर आत घ्यायची? मेल्या, पँट आहे की रबर?" दातांत टाचण्या धरून ताई पुटपुटली.

"डाएट चालू आहे," धाकटा म्हणाला. लहानपणी गोल गरगरीत, म्हणून घरात त्याला ढोल्या म्हणत. नाव तेवढं शिल्लक होतं. बाकावर तो पुढे वाकून बसला होता. तसं बसलं की पाठ कमी दुखते म्हणे. त्यातच महिन्यापूर्वी रक्तात साखर निघालेली.

"चला, जावयासारखा उभा राहा." ताईनं टेप लावला.

शिंप्याचं घर. पुढच्या खोलीत दुकान, कोपऱ्यात काजं करणारी आई. इथं माणसं मापांच्या वहीत वाढायची. बाबांचा दंडक होता: माणशी एक पान, नवं माप जुन्याखाली लिहायचं, जुनं कधी खोडायचं नाही. ढोल्याच्या पानावर कमरेपुढे होतं चाळीस, मग अडतीस, मग छत्तीस. सगळं पाच महिन्यांतलं. चार पानं मागे बाबांचं पान होतं. अडतीस, छत्तीस, तेहेतीस. पुढे कोरं.

बाबा काविळीनं गेले, असं आई सांगायची. आत्याही काविळीनंच गेली. पण आत्याच्या मुलीनं तपासणी करून घेतली, तिच्यात खोट असलेलं जनुक निघालं, आणि इस्पितळानं सगळ्या नातेवाइकांसाठी पत्र दिलं: रक्ताच्या माणसांनी तपासून घ्या. ते पत्र तीन महिने शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांखाली होतं. उद्या सांगू, असं ताई रोज ठरवायची. तिच्यातही ते असायची शक्यता निम्मी होती, पण स्वतःचं माप घ्यायला तिला कधी सवडच झाली नव्हती.

टेप चौतीसवर थांबला.

ताईनं आयुष्यात पहिल्यांदा वहीत खोटं लिहिलं. छत्तीस.

"बघ, तेवढंच आहे," ती म्हणाली. "उगीच हलका झालोय म्हणून मिरवू नकोस."

ढोल्या हसला, पण त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट दिसला. ताईनं मान फिरवली.

आईनं सुई टाचण्यांच्या गादीत खोचली. गुडघ्यावर हात देत उठली, लेकीच्या हातून टेप घेतला आणि लेकाच्या कमरेला लावला. मग वही ओढून तिनं छत्तीसखाली चौतीस लिहिलं. खोडलं काही नाही.

"आई, अगं…" ताई म्हणाली.

"खणातलं पत्र काढ. मी कधीच वाचलंय." आईनं लेकाचा शर्ट उगाच सारखा केला. "तुझे बाबा काविळीनं नाही गेले रे. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. आत्यालाही तोच. रक्तातून उतरतो तो. आणि मला वाटतं, तुला तो झालाय."