पोर धरायचं काम

तासगावच्या एक्स-रे सेंटरात भामाबाईनं बावीस वर्षं एकच काम केलं, पोरं धरायचं. मशीन चालवणारा मुकुल बटण दाबायला भिंतीआड जायचा, रडणाऱ्या आयांना बाहेर काढलं जायचं, आणि वळवळणारं पोर भामाबाईच्या हातात गप पडायचं. म्हसवडकडची, मेंढरं धरून वाढलेली बाई ती. सेंटरचे मालक डॉक्टर सुमंत पाहुण्यांपुढं तिचं तोंडभर कौतुक करायचे. कौतुक करायला त्यांचं काय जात होतं?

यंदा तिच्या गळ्याला गाठ आली. सांगलीला ऑपरेशन झालं, थायरॉईडचा कॅन्सर निघाला. तिचं काम ऐकून तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरणांमुळंच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण नाही असंही म्हणवत नाही. गळा जितका कोवळा, तितका धोका जास्त."

आणि घरी येऊन बघते तर सुमंतांनी तिच्या जागेवर तिच्याच नातीला, अठरा वर्षांच्या समीक्षाला, बोलावून घेतलेलं. भामाबाईचं डोकंच फिरलं. ती तशीच पोरीच्या मागोमाग सेंटरात गेली.

"डाक्टर, माझी नात आत जायाची न्हाई."

"भामाबाई, लोकांसमोर तमाशा नको. एवढ्याशा किरणांनी काही होत नाही. गाठी काय, कुणालाही होतात."

"आज्जे, गप की गं," समीक्षा पुटपुटली. तिला म्हातारीची लाज वाटत होती, आणि तेच भामाबाईला जास्त झोंबलं.

आत टेबलावर हात मोडलेली तीन वर्षांची मुलगी किंचाळत होती.

"काय हुईत न्हाई म्हंता न्हवं? मग आज तुमी धरा. तुमी धरलं तर उद्यापासनं माझी नात तुमच्या कामावर. मी तोंड उघडणार न्हाई."

बाकावरची माणसं ऐकत होती. डॉक्टरांना मागं सरता येईना. ते ताडताड आत गेले आणि खिशातल्या किल्लीनं कोपऱ्यातलं कपाट उघडलं. किरणं अडवणारा शिशाचा जाड एप्रन काढून अंगावर चढवला. मग गळ्याला बांधायचा शिशाचाच पट्टा काढला. त्याचं प्लॅस्टिकसुद्धा अजून फाडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी ते फाडलं आणि पट्टा गळ्याभोवती नीट, दोनदा चाचपून बांधला.

"ह्यो आज्जीला कवा दिलता?" समीक्षानं दारातून विचारलं.

डॉक्टरांनी टेबलावरच्या मुलीचा हात धरला. "मुकुल, बटण दाब."

मुकुलनं दाबलं तेव्हा समीक्षा आजीचा दंड धरून पायऱ्या उतरत होती.